ध्रुवरात्रींतील विद्युन्मेघ



गेल्या हिवाळ्यांत दहावीच्या वर्गांत वातावरणाच्या थरांचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. सूर्यकिरणांमुळें आकाशाच्या वरच्या भागांत विद्युद्भारित कणांचा एक थर उत्पन्न होतो, असें आम्ही नुकतेंच सांगितलें होतें. त्यावर तो म्हणाला, "सर, ध्रुवाकडे तर हिवाळ्यांत महिनेच्या महिने सूर्य उगवत नाहीं. मग तेथें हा थर कोठून येणार?" आम्ही क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलें कीं, त्या दिवसांत तेथें तो थर अगदीं विरळ होत असला पाहिजे. वर्गाचें समाधान झालें आणि तास संपला.

परंतु घरीं गेल्यावर आमचें स्वतःचें समाधान होईना. पुस्तकें उघडून पाहिलीं, तेव्हां कळून आलें कीं, आमचें उत्तर तर्काला धरून होतें, पण वस्तुस्थितीला धरून नव्हतें. वर्गांत केलेली चूक वर्गापुढेंच दुरुस्त करावी, असें आम्ही मानतों. तो वर्ग आतां शाळा सोडून गेला आहे. परंतु शाळेचें वार्षिक त्यांच्या घरीं जातें, म्हणून ही दुरुस्ती आम्ही येथें करीत आहों. विषय दूर देशींचा असला, तरी पालकवर्गालाही तो अगदींच परका वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

प्रथम त्या थराची ओळख करून घेऊं. जमिनीपासून सुमारें साठ किलोमीटर उंचीवर गेलें म्हणजे हवा फार विरळ होते आणि तेथें सूर्याचे अतिनील किरण व क्षकिरण निर्वेधपणें येऊन पोंचतात. हे किरण हवेच्या अणुरेणूंवर आदळले म्हणजे त्यांतील इलेक्ट्रॉन सुटून वेगळा होतो. सुटलेला इलेक्ट्रॉन ऋणभारित आणि मागें राहिलेला आयन धनभारित. अशा सुट्या कणांच्या समुदायास इर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं 'प्लाझ्मा' हें नांव दिलें. आपल्या पाठ्यपुस्तकांत या थराला 'आयनांबर' म्हणतात. त्याचा सर्वांत दाट भाग सामान्यतः अडीचशें ते चारशें किलोमीटर उंचीवर असतो. दिवसा तेथें एका घनसेंटिमीटरांत लाखांपासून दहा लाखांपर्यंत सुटे इलेक्ट्रॉन सांपडतात. ही संख्या मोठी वाटते खरी; तथापि त्याच जागेंत न फुटलेले अणू त्यांच्या कितीतरी पट अधिक असतात. दुधांत विरजणाचा थेंब पडावा, तितकाच हा अंश. पण सबंध दुधाचा गुण पालटावयास तेवढा पुरतो.

हा थर डोळ्यांना दिसत नाहीं. त्याचा पत्ता लागला तो बिनतारी संदेशांमुळें. १९०१ सालच्या डिसेंबरांत मार्कोनीनें इंग्लंडच्या किनाऱ्यावरून सोडलेला संकेत अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंडमध्यें ऐकला. पृथ्वी तर वाटोळी, आणि लहरी तर सरळ जाणाऱ्या. मग त्या वळून तेथें पोंचल्या कशा? वर कांहीं तरी विद्युद्वाहक छत असलें पाहिजे आणि त्यावर आपटून लहरी खालीं येत असल्या पाहिजेत, असें अनुमान केनेली व हेविसाइड या दोघांनीं १९०२ सालीं वेगवेगळें काढलें. त्याचा प्रत्यक्ष पुरावा इंग्लंडांत ॲपल्टन यानें १९२४ सालीं मिळविला, आणि या कार्याबद्दल त्यास १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच १९४७ सालीं कलकत्त्याचे प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांचा वरच्या वातावरणावरील मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगांतील संशोधकांनीं तो पुढें अनेक वर्षें हाताशीं ठेवला, ही आपल्या देशास भूषणावह गोष्ट होय.

आतां ध्रुवाकडे वळूं. डोंगराच्या कड्यासमोर उभें राहून हाक मारावी आणि ती परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून कडा किती दूर आहे हें ताडावें, त्याचप्रमाणें रेडिओलहरी सरळ वर सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून आयनांबराची उंची व दाटपणा मोजतां येतो. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय ध्रुववर्षांत, म्हणजे १९३२-३३ सालीं, ॲपल्टन स्वतः आपले सहकारी घेऊन नॉर्वेच्या उत्तरेस त्रॉम्सो येथें गेला. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षांत तर अशीं यंत्रें दोन्ही ध्रुवप्रदेशांत ठिकठिकाणीं बसविण्यांत आलीं. त्यांनीं जें दाखविलें, तें आमच्या वर्गांतील उत्तराच्या नेमकें उलट होतें. भर ध्रुवरात्रीं, सूर्य क्षितिजाच्या पुष्कळ खालीं असतांना, थराचा दाटपणा एकाएकीं दुप्पट, चौपट किंवा त्याहूनही अधिक वाढे. थोडा वेळ तसाच राही. आणि मग पुन्हां ओसरे. काळोख्या आकाशांतून कांहीं तरी मोठें निघून जात आहे, असा तो प्रकार होता.

तें काय असावें? ज्या प्रवेगी कणांमुळें ध्रुवप्रकाश चमकतो, तेच कण वरून पडून येथें नवे इलेक्ट्रॉन निर्माण करीत असतील, ही पहिली शंका. किंवा हे इलेक्ट्रॉन दुसरीकडे निर्माण होऊन येथें वाहत येत असतील, ही दुसरी. दोन्ही शक्य होत्या. निवाडा निरीक्षणानेंच व्हावयाचा होता. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ग्रीनलंडमधील थूले येथें सबंध आकाशाचें चित्र घेणारे अतिशय संवेदनशील कॅमेरे लावून, आणि विमानांतूनही यंत्रें नेऊन, अमेरिकन संशोधकांनीं या गोष्टीचा पाठपुरावा केला. त्यांचा अहवाल १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. आकाशांत अतिशय मंद तांबूस प्रकाशाचे मोठमोठे तुकडे सरकत असलेले त्यांना आढळले. हा प्रकाश ऑक्सिजनच्या अणूंचा असून त्याची लहर ६३० नॅनोमीटर लांबीची असते. साध्या डोळ्यांना तो दिसत नाहीं. हे तुकडे नेहमीं सूर्याच्या बाजूकडून निघून, ध्रुव ओलांडून, मध्यरात्रीच्या बाजूकडे जात. त्यांच्यावर वरून प्रवेगी कणांचा मारा होत असल्याचें मात्र दिसेना. अर्थात् हे इलेक्ट्रॉन तेथले नव्हेत. ते प्रवासी होत. जेथें सूर्य तळपत होता, अशा प्रदेशांत त्यांचा जन्म झाला होता.

इंग्रजींत या तुकड्यांस ध्रुवटोपीवरील ठिगळें अशा अर्थाचें नांव आहे. आम्ही येथें त्यांस 'विद्युन्मेघ' म्हणतों. मात्र हे पाण्याचे ढग नव्हेत आणि त्यांतून वीज पडत नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें. सभोंवारच्या प्लाझ्मापेक्षां निदान दुप्पट दाट असेल, त्यासच हें नांव देण्याचा प्रघात आहे. त्यांची रुंदी शंभर किलोमीटरांपासून हजार किलोमीटरांपर्यंत असते. मोठा मेघ आपल्यावर येता, तर मुंबईपासून नागपुरापर्यंतचा सारा मुलूख त्याच्या खालीं झांकून गेला असता.

आतां खरा कठीण प्रश्न: यांना वाहून कोण नेतें? तीनशें किलोमीटर उंचीवरचा वारा हें त्याचें मुख्य कारण नव्हे. त्यासाठीं आपणांस सूर्याकडे पाहिलें पाहिजे. सूर्यापासून सर्व दिशांना प्लाझ्माचा एक प्रवाह सतत वाहत असतो. त्यास सौरवात म्हणतात. पृथ्वीजवळ त्याचा वेग साधारणपणें सेकंदास चारशें किलोमीटर असतो, आणि तो आपल्याबरोबर सूर्याचें चुंबकीय क्षेत्र ओढून आणतो. पृथ्वीलाही स्वतःचें चुंबकीय क्षेत्र आहे. त्याच्या बलरेषा आपल्या दिवसाच्या बाजूस उत्तराभिमुख असतात. सौरवातांतील क्षेत्र जेव्हां दक्षिणाभिमुख असतें, तेव्हां या दोन विरुद्ध दिशांच्या रेषा एकमेकींस भिडून तुटतात व नव्या रीतीनें जोडल्या जातात. हा सिद्धांत जेम्स डंगी या इंग्रज शास्त्रज्ञानें १९६१ सालीं मांडला. अशा रेषेचें एक टोंक पृथ्वींत रोंवलेलें आणि दुसरें सौरवातांत मोकळें. सौरवात पुढें धांवतो, आणि रेषेस आपल्याबरोबर ध्रुवावरून रात्रीच्या बाजूकडे ओढीत नेतो.

विद्युद्भारित कण चुंबकीय रेषेभोंवतीं गिरक्या घेत असतो. तिला सोडून आडवें जाणें त्यास सहसा साधत नाहीं. दोऱ्यांत मणी ओंवलेले असावेत आणि कोणीं दोरा बाजूला सरकविला असतां सारे मणी त्याच्याबरोबर सरकावेत, तशी ही स्थिति आहे. म्हणून रेषा ध्रुवावरून ओढली गेली कीं तिच्यावरील प्लाझ्माही ध्रुवावरून ओढला जातो. दुपारच्या बाजूस, कमी अक्षांशांवर, सूर्यप्रकाशांत तयार झालेला दाट प्लाझ्मा या ओढीनें ध्रुवाच्या काळोखांत शिरतो. नकाशावर त्याचा आकार लांब जिभेसारखा दिसतो, म्हणून शास्त्रज्ञ त्यास जीभच म्हणतात. पलीकडे गेलेला प्रवाह पहांटेच्या व सायंकाळच्या अशा दोन्ही बाजूंनीं वळून पुन्हां दिवसाकडे परततो. ध्रुवाच्या दोन्ही अंगांस याप्रमाणें दोन विशाल भोंवरे फिरत राहतात.

येथें विद्यार्थ्यांनीं एक सोपें गणित करून पहावें. हे मेघ सेकंदास सुमारें अर्धा किलोमीटर या वेगानें जातात. कधीं हा वेग एक किलोमीटरपर्यंतही चढतो. ध्रुवटोपीची रुंदी तीन हजार किलोमीटर धरली, तर ती ओलांडण्यास सहा हजार सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटें लागतील. एवढ्या वेळांत इलेक्ट्रॉन व आयन पुन्हां एकत्र येऊन मेघ विरून कां जात नाहीं? कारण त्या उंचीवर बहुतेक आयन ऑक्सिजनच्या एकेकट्या अणूंचे असतात. असा आयन इलेक्ट्रॉनास सहजीं पकडूं शकत नाहीं. त्याला अगोदर नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या रेणूची गांठ पडावी लागते, आणि तितक्या उंचीवर हे रेणू विरळा. म्हणून काळोखांतही मेघाचें आयुष्य कित्येक तासांचें असतें. खालच्या थरांतला प्लाझ्मा असता, तर वाटेंतच नाहींसा झाला असता.

जीभ अखंड असतांना तिचे तुकडे कां पडतात, यावर मात्र अद्यापि पंडितांचें एकमत नाहीं. रेषांची तुटजोड सतत न होतां ठोक्याठोक्यानें होते, आणि प्रत्येक ठोक्यास एकेक घांस तोडला जातो, असें लॉकवुड व कार्लसन यांनीं १९९२ सालीं सुचविलें. सौरवातांतील क्षेत्राची दिशा बदलली कीं प्रवाहाची वाटही बदलते व जीभ तुटते, असें दुसरे म्हणतात. कांहीं ठिकाणीं प्रवाहाचा वेग फारच वाढतो, तेथें घर्षणानें आयन तापतात, तापल्यामुळें त्यांची रेणूंशीं क्रिया जलद होते, आणि त्या पट्ट्यांतला प्लाझ्मा आटून मधें खंड पडतो, असेंही तिसरें मत आहे. बहुधा हीं तिन्हीं कारणें निरनिराळ्या वेळीं खरीं ठरत असावींत.

या प्रश्नांचा छडा लावण्यासाठीं आज केवढी सामग्री उभी आहे पहा. उत्तर नॉर्वे व स्वालबार्ड बेटें येथें अनेक राष्ट्रांनीं मिळून चालविलेले शक्तिमान रडार आहेत. स्वालबार्डचा रडार १९९६ सालीं सुरू झाला. स्वालबार्डची जागा तर निसर्गानेंच या कामासाठीं निवडली असें वाटतें. कारण हिवाळ्यांत तेथें भर दुपारीं बारा वाजतांही काळोख असतो, आणि दिवसाच्या बाजूचा ध्रुवप्रकाश नेमका डोक्यावर असतो. दोन्ही गोलार्धांत मिळून तीसहून अधिक रडारांचें एक जाळें प्लाझ्माचे प्रवाह रात्रंदिवस मोजतें. शिवाय मार्गदर्शक उपग्रहांचे संकेत दोन निरनिराळ्या लहरींवर येतात, आणि आयनांबरांतून येतांना त्यांस लागणारा विलंब सारखा नसतो. त्या फरकावरून वाटेंत किती इलेक्ट्रॉन भेटले हें काढतां येतें. २६ सप्टेंबर १९११ नव्हे, २०११ रोजीं—शतकाची चूक होऊं नये, इतकी ही गोष्ट अलीकडची आहे—एक मोठें चुंबकीय वादळ झालें. त्या वेळीं जीभ ध्रुवटोपींत शिरली, तिचा तुकडा पडला, तो ध्रुवावरून सरकत गेला आणि रात्रीच्या बाजूनें बाहेर पडला; हा सारा प्रवास झांग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रडार व उपग्रह यांच्या नोंदी एकत्र करून नकाशावर दाखविला आणि २०१३ सालीं प्रसिद्ध केला.

सौरवातांतील क्षेत्र उत्तराभिमुख झालें म्हणजे हा खेळ थांबतो व दुसरा सुरू होतो. २० ऑगस्ट २०१४ रोजीं, सौरवात शांत असतांना, उत्तर चुंबकीय ध्रुवावर हजार किलोमीटरांहून अधिक रुंदीचा प्लाझ्माचा एक चक्रवात सुमारें आठ तास फिरत होता. मधें शांत डोळा, भोंवतीं सर्पिल बाहू, आणि पावसाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा वर्षाव! परंतु त्या दिवशीं तो कोणाच्याही ध्यानांत आला नाहीं. उपग्रहांच्या जुन्या नोंदी पुन्हां चाळतांना तो सांपडला, आणि त्याची हकीकत २०२१ सालीं जगापुढें आली.

आतां व्यवहारी पालक विचारतील, या सर्वांचा आम्हांस उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो माणसांच्या जिवाशीं निगडित आहे. आशिया व अमेरिका यांमधील विमानें अंतर वांचविण्यासाठीं ध्रुवावरून जातात. जानेवारी २०२१ मध्यें सर्व स्त्री वैमानिक असलेलें एक भारतीय विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरास आलें, हें पुष्कळांस आठवत असेल. विषुववृत्तावर स्थिर दिसणारे दळणवळणाचे उपग्रह सुमारें ८२ अक्षांशांपलीकडे उपयोगी पडत नाहींत. म्हणून तेथें आयनांबरावरून परतणाऱ्या रेडिओलहरींवर वैमानिकांस पुष्कळ भिस्त ठेवावी लागते. विद्युन्मेघाच्या कांठावर लहानमोठ्या लाटा उठतात. त्यांमुळें या लहरी भलतीकडे विखुरतात. उपग्रहांचे मार्गदर्शक संकेतही, वाऱ्यांतून दिसणारी तारका लुकलुकावी तसे, लुकलुकूं लागतात व स्थाननिर्णयांत चूक पडते. ज्या घरचें माणूस त्या विमानांत बसलें असेल, त्या घराला हे मेघ दूरचे वाटणार नाहींत.

आपल्या प्रांताचाही या शास्त्राशीं जुना संबंध आहे. मुंबईस कुलाबा येथें १८२६ सालीं वेधशाळा स्थापन झाली. २ सप्टेंबर १८५९ रोजीं सूर्यावरील प्रचंड क्षोभामुळें जें चुंबकीय वादळ झालें, त्या वेळीं पृथ्वीचें क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं उतरल्याचें कुलाब्याच्या निरीक्षकांनीं नोंदून ठेवलें. त्या नोंदीचें महत्त्व जगास पटलें तें २००३ सालीं, म्हणजे एकशें चव्वेचाळीस वर्षांनीं! पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांमुळें यंत्रें बिघडतील, म्हणून चुंबकीय वेधांसाठीं अलिबाग येथें १९०४ सालीं नवी वेधशाळा उभारण्यांत आली. त्या काळीं नानाभाई मूस हे संचालक होते. अलिबागचे वेध आजही चालू आहेत. २००८ सालीं स्वालबार्डमध्यें भारताचें 'हिमाद्रि' केंद्र उघडलें, आणि दक्षिणेस अंटार्क्टिकावर 'मैत्री' व 'भारती' हीं केंद्रें आहेत. मे २०२४ मधील मोठ्या वादळांत तर लडाखमधील हानले येथल्या आकाशांतही तांबूस आभा कॅमेऱ्यांनीं टिपली. ध्रुवाकाशाची हकीकत कधीं कधीं अशी आपल्या दारापर्यंत येते.

तेव्हां, ज्या विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला, त्याला आमचें दुरुस्त उत्तर असें: ध्रुवरात्रीं सूर्य नसतो, हें खरें, स्थानिक थर विरळ होतो, हेंही खरें, परंतु दूरच्या उजेडांत निर्माण झालेलें धन सौरवाताच्या ओढीनें त्या काळोखांत वाहून येतें. आम्ही केवळ एकाच जागेचा विचार केला, आणि ती जागा भोंवतालच्या जगाशीं जोडलेली आहे हें विसरलों, म्हणून चुकलों.

आणखी एक गोष्ट सांगून लेखणी खालीं ठेवतों. कुलाब्यास १८५९ सालीं कांट्याकडे पाहून आंकडा लिहिणाऱ्या माणसास तो आंकडा पुढें कोणाच्या उपयोगीं पडेल, हें ठाऊक नव्हतें. त्यानें तो नीट पाहिला आणि खरा लिहिला, एवढेंच. प्रयोगशाळेच्या वहींत तुम्ही जो आंकडा लिहितां, तोही तसाच लिहा. अपेक्षेप्रमाणें आला नाहीं म्हणून तो खोडूं नका. आणि शिक्षकाचें उत्तर मनाला पटलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां हात वर करा. आम्ही रागावणार नाहीं. उलट, त्या रात्रीं घरीं जाऊन पुस्तक उघडूं.